सात मापं मीठ

आमच्या ह्यांना बाजारात 'काटा' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे काटा. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरायचे. दुकानदाराचा तराजू उचलायचे, पारडी रिकामी ठेवायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत डोळ्याची पापणी हलवायचे नाहीत. खोट निघाली की वजन जप्त. खोट नसली की वजनाच्या पोटातल्या शिशावर ठसा. ठसा शाबूत आहे तोवर वर्षभर त्या वजनावर कोणी संशय घ्यायचा नाही, असा त्यांच्या खात्याचा नियम होता.

किराणावाला आम्हाला घाबरून मूठभर साखर जास्त घालायचा. हे ती परत काढायला लावायचे. "कमी नको, आणि जास्त तर मुळीच नको." मागच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायच्या. माझ्या स्वयंपाकात मात्र माप नव्हतं. मीठ चिमटीने, पीठ ओंजळीने. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला लहानमोठे मापाचे चमचे आणून दिले, एका कडीत ओवलेले. मी ते ओट्याच्या वर खिळ्याला टांगले. अजून तिथेच आहेत, धूळ खात.

वाद मी कधी घातला नाही. सगळं पटायचं म्हणून नव्हे. हे आकडे घेऊन बोलायचे आणि माझ्याकडे आकडे नसायचे. गप्प बसायची सवय लागली, आणि पुढेपुढे बोलावंसं वाटेनासं झालं. लोक म्हणायचे, किती शांत बाई आहे. मी शांत नव्हते. मला काही वाटतच नव्हतं.

आम्हाला एकच मुलगी. तिच्या खोलीत खिडकीपासून दूरच्या भिंतीला लागून काचेची टाकी आहे, दोनशे लिटरची, खाऱ्या पाण्याची. लग्नाच्या आधी, पहिली नोकरी लागल्यावर तिने ती उभी केली. आत दगड, दगडांवर चार प्रकारची प्रवाळं, एक नारिंगी मासा पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि मधल्या दगडाच्या खाचेत पाय रोवून बसलेलं समुद्रफूल. पसरलं की जेवणाच्या ताटाएवढं व्हायचं. शेकडो बोटं, प्रत्येकाच्या टोकाला फुगा, रंग मधासारखा. मासा त्याच्यात शिरून झोपायचा.

"ते फूल नाही, आई," मुलगी म्हणायची. "प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पाय आहे. मन आहे का, ते माहीत नाही."

"मग बरं आहे त्याचं," मी म्हणायचे.

लग्न होऊन ती ह्याच शहरात दुसऱ्या टोकाला गेली. टाकी हलवता येत नाही, हलवली तर निम्मं मरतं, म्हणून ती इथेच राहिली. रोजचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. त्यांना ते आवडलं असणार, कारण त्यात सगळं मोजायचं होतं. पाणी किती गरम, दिवा किती तास, खारटपणा किती. मुलगी दर रविवारी यायची. दंडापर्यंत बाह्या वर करायची आणि पाण्यात हात घालून दगड साफ करायची. चिमट्याने कोळंबीचा नखाएवढा तुकडा फुलाच्या तोंडाशी न्यायची. बोटं तुकड्यावर मिटायची, तोंड तो आत ओढून घ्यायचं. ती कौतुकाने बघत बसायची.

तिच्या लग्नाला तीन वर्षं होत आली असताना एका रविवारी तिने बाह्या वर केल्या नाहीत. तशीच हात घालून बसली. बाही कोपरापर्यंत भिजली. मी म्हटलं, "अगं, बदल तो कुडता, खारं पाणी आहे." ती आत जाऊन माझा जुना कुडता घालून आली. अर्ध्या बाह्यांचा होता तो. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. तिने दुसऱ्या हाताने झाकले, मी नजर दुसरीकडे वळवली. तिचा कुडता पिळून वाळत घातला. संध्याकाळी तो वाळल्यावर घालून ती गेली. मी भांडी घासली. त्या दिवशी मला धक्का बसायला हवा होता, रडू यायला हवं होतं. काहीच झालं नाही. मीठ चढल्यावर जीभ जशी बधिर होते, तशी मी सगळीच झाले होते.

दोन महिन्यांनी, मंगळवारी दुपारी, ती एक सुटकेस घेऊन आली. "मी परत जाणार नाही," म्हणाली.

हे जेवत होते. हात धुऊन आले आणि एक कोरा कागद घेतला. मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला ती काय म्हणते ते लिहिलं. मग जावयाला फोन लावला आणि उजव्या बाजूला तो काय म्हणतो ते लिहिलं. तो अर्थातच गोड बोलला. "हात उगारला असं म्हणतेस, पुरावा काय?" ह्यांनी विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. मी ओट्याशी उभी होते, पाठ करून. तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते म्हणा ना.

"दोन्ही पारडी सारखीच भरतात," हे म्हणाले. "थोडं तू जुळवून घे, थोडं त्याला सांगतो."

ती हसली. असं हसणं मी पुन्हा ऐकलेलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. चार दिवस ती टाकीसमोर बसून होती. पाचव्या दिवशी कंपनीच्या दुसऱ्या गावच्या कचेरीत बदली मागून निघून गेली, नवऱ्याकडेही नाही आणि इथेही नाही. जाताना टाकीच्या काचेला एक कागद चिकटवला. काय, कधी, किती, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि फुलाकडे बोट दाखवून ह्यांना म्हणाली, "हे जिवंत आहे तोवर मी विचारत राहीन. मेलं की तसं कळवा. मग मी विचारणार नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला ह्यांच्या फोनवर तिचा निरोप यायचा. दोनच शब्द. 'कसं आहे?' हे चष्मा लावून उत्तर टाइप करायचे. 'ठीक. खारटपणा ३५. तापमान २५.५. दिवा नऊ तास.' पलीकडून काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आम्ही कसे आहोत हे तिने विचारलं नाही, आम्हीही तिला विचारलं नाही. दीड वर्ष असं चाललं. त्या दोन शब्दांवर हे जगत होते. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण रविवारी साडेनऊपासून फोन हातात धरून बसायचे.

खारटपणा मोजायला एक नळी असते, वीतभर लांब. टोकाच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची. आत निळी-पांढरी रेघ दिसते आणि रेघेशी आकडा. वर एक बारीक स्क्रू असतो. शुद्ध पाण्याचा थेंब टाकून तो फिरवायचा आणि शून्य जुळवायचं. हे अधूनमधून करत राहायचं असतं. ह्यांनी ते एकदा केलं आणि स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका देऊन मोहोर केली. खाली कागदाची पट्टी, पट्टीवर तारीख. एक वर्ष वैध. खात्याचा नियम घरातल्या नळीलाही लागू.

मोहोर केल्याला तीन महिने झाले असतील. धूळ पुसताना ती नळी माझ्या हातून फरशीवर पडली. काच फुटली नाही, लाख शाबूत राहिली. मी उचलून डबीत ठेवली आणि पुसणं पुढे चालू केलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं, तेवढा उत्साह माझ्यात नव्हता. कारण एवढंच आहे. याहून मोठं काही असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोजलं तर आकडा अठ्ठावीस.

"तू गोडं पाणी जास्त ओतलंस," हे म्हणाले. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून उडालेल्याच्या जागी गोडं पाणी घालायचं असतं. ते काम माझं होतं. मी काचेवरच्या खुणेपर्यंतच घातलं होतं, रोजच्यासारखं.

"असेल," मी म्हटलं.

मग त्यांनी शास्त्रशुद्ध दुरुस्ती सुरू केली. दर शनिवारी वीस लिटर पाणी काढून नवं घालायचं, त्या नव्या पाण्यात मीठ कालवून पस्तीस आणायचे. मिठाच्या डब्यात एक लाल माप आहे. मुलीच्या कागदावर लिहिलेलं, वीस लिटरला सात मापं. हे आता साडेआठ घालू लागले, तेव्हा कुठे नळीत पस्तीस दिसायचे.

"कागदावर सात आहे," मी एकदा म्हटलं.

"मीठ दमट झालंय. दमट मीठ जास्त लागतं. नळी काय खोटं बोलते?"

मी बादलीत करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट म्हणजे घशाला ओरखडा काढणारं खारट. आयुष्यभर चिमटीने मीठ घातलेल्या बाईला तेवढं कळतं. पण जिभेवर आकडे नसतात. मी बादली उचलून दिली.

दोन महिन्यांत फूल आक्रसलं. आधी बोटं आखूड झाली. मग एका सकाळी मधली खाच रिकामी दिसली. पाय सोडून ते चालत मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. असं फिरायला लागलं की पंपात ओढलं जाऊन चिंध्या होतात, म्हणून कागदावरच्या सूचनेप्रमाणे ह्यांनी पंपांच्या तोंडांना स्पंज बांधले. मधाचा रंग उतरून पांढुरकं झालं. तोंड नेहमी घट्ट मिटलेलं असायचं, ते सैल उघडं राहू लागलं. कोळंबीचा तुकडा बोटांवरून घसरून खाली पडायचा. मासा रिकाम्या खाचेसमोर एकटाच हलत राहायचा.

आणि रविवारी हे लिहायचे, 'ठीक. खारटपणा ३५.'

"ठीक आहे का ते?" मी विचारलं.

"आकडे ठीक आहेत," हे म्हणाले.

खोट्या वजनासाठी माणसांना कोर्टात उभं केलं त्यांनी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी मनात म्हटलं, अर्थातच.

चौथ्या महिन्याच्या शेवटी एका शुक्रवारी फूल दगडावरून सुटून वाळूवर कलंडलं. हे खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि जेवायला उठले नाहीत. "हे गेलं तर ती विचारणार नाही," म्हणाले. माझ्याशी नाही, काचेशी. मग हात पाण्यात घालून बाहेर काढला आणि हुंगला. मेलेल्याचा वास लपत नाही, असं कागदावर लिहिलं होतं. वास नव्हता.

शनिवारी आम्ही मुरंब्याच्या धुतलेल्या बरणीत टाकीचं पाणी घेऊन माशांच्या दुकानात गेलो. नळीही सोबत घेतली, पुरावा म्हणून. दुकानदार तरुण होता, मुलीला ओळखायचा. त्याने थेंब टाकला आणि आपल्या नळीत पाहिलं. "साहेब, बेचाळीस आहे."

"तुमचं माप शेवटचं कधी तपासलं?" हे म्हणाले. एकतीस वर्षांचा आवाज होता तो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली.

दुकानदार रागावला नाही. त्याने कपाटातून एक सीलबंद बाटली काढली. "हे प्रमाणित पाणी. ह्यात पस्तीसच असतात. तुमच्यासमोर फोडतो." बाटली फोडली. त्याच्या नळीत पस्तीस. मग ह्यांच्या नळीवर त्याच बाटलीतला थेंब टाकून नळी ह्यांच्याच हातात दिली. ह्यांनी पाहिलं. काच पुसली, दुसरा थेंब टाकला, पुन्हा पाहिलं.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.

"कुठे पडली होती का?"

"मोहोर शाबूत आहे."

"मोहोर स्क्रूवर आहे, साहेब. धक्क्याने आतली काच सरकते."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "काकू, पाणी एकदम पातळ करू नका हं. रोज थोडं थोडं. दोन आठवडे तरी घ्या. एकदम केलंत तर धक्क्यानेच जाईल." मी मान हलवली. पडली होती, हे तेव्हाही मी बोलले नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घरी आल्यावर ह्यांनी ब्लेडने लाख खरवडली. लाल भुगा टेबलावर पडला, तो तळहाताने गोळा केला आणि बराच वेळ मुठीत धरून बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली, पण उशिरा आणि थोडी.

रविवारी दहाला निरोप आला. 'कसं आहे?' ह्यांनी तीनदा लिहून तीनदा पुसलं. शेवटी जे पाठवलं ते मला दाखवलं. 'चार महिने पाठवलेले आकडे चूक होते. खारटपणा बेचाळीस झाला आहे. फूल आजारी आहे, जगेल की नाही माहीत नाही. नळी माझ्या हातून पडली असावी. मी तपासली नाही.'

मिनिटभरात फोन वाजला. दीड वर्षात पहिल्यांदा. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावला.

"आई, तोंड उघडं आहे?" इतक्या दिवसांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

"उघडं आहे."

"आतलं बाहेर आलंय?"

मी वाकून पाहिलं. "नाही."

"पाय फाटलाय?"

"नाही. वाळूवर पडलंय, पण अख्खं आहे."

"मग हात लावू नका. खायला घालू नका. पाणी रोज थोडं थोडं गोडं करा. नळी कधी पडली? बाबा तर कधी वस्तू पाडत नाहीत."

हे माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हा कळलं असावं.

"माझ्या हातून पडली," मी म्हटलं.

"आणि बोलली नाहीस? चार महिने?"

"नाही बोलले." मला वाटलं तेवढ्यावरच थांबेन. पण तोंड उघडलं होतं. "तुझ्या दंडावरचे वळ पाहिले होते, तेव्हाही बोलले नाही. तू सुटकेस घेऊन आलीस, हे पुरावा मागत होते, तेव्हाही बोलले नाही. मला माहीत होतं."

टाकीचा पंप घरघरत होता. मग ती सावकाश म्हणाली, "तू पाहिलंस, हे मला माहीत होतं, आई. बाबा काय करतील तेही माहीत होतं. मी त्यांच्याकडे आलेच नव्हते. मी तुझ्याकडे आले होते."

आणि फोन ठेवला.

हे उठून खिडकीशी गेले, परत आले. "वळांचं मला का नाही सांगितलंस?"

"कागदावर कुठल्या बाजूला लिहिलं असतंत?"

संध्याकाळी त्यांनी लाल माप धुतलं. काढलेल्या पाण्याच्या जागी नवं पाणी कालवायला बसले. नळी जवळ होती, शून्य जुळवलेली. त्यांनी मापं टाकली, ढवळलं आणि बादली माझ्यासमोर सरकवली. "बघ जरा," म्हणाले. मी करंगळी बुडवली. "अजून थोडं कमी," मी म्हटलं. त्यांनी तांब्याभर गोडं पाणी घातलं.

त्या आठवड्यात फोन आला नाही. फूल वाळूवरून सरकत एका दगडाच्या कडेला लागलं, एवढंच. रविवारी साडेनऊपासून हे त्यांचा फोन हातात धरून बसले. दहा वाजले, सव्वादहा झाले. त्यांचा फोन वाजला नाही.

माझा वाजला. माझा फोन ओट्यावर, टांगलेल्या चमच्यांच्या खाली पडलेला असतो. 'कसं आहे?'

मी हात पुसले आणि टाकीशी गेले. नीट पाहिलं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'तोंड अर्धं मिटलंय. रंग अजून नाही. पायाने दगड धरलाय. मासा जवळ आहे, आत गेलेला नाही.'

पाठवायच्या आधी हे म्हणाले, "आकडा लिही."

"आकडा तुम्ही लिहा," मी म्हटलं, आणि खाली लिहिलं, 'मी बरी नाही.' मग पाठवलं.